थ्रो कोणाचा?

फुटबॉलच्या नियमपुस्तकात सतरा नियम आहेत. अकरावा ऑफसाइडचा, बारावा फाउल आणि हँडबॉलचा, चौदावा पेनल्टीचा. या तिघांवरून मित्र एकमेकांना ब्लॉक करतात. पंधरावा नियम थ्रो-इनचा. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. टीव्हीवर थ्रो-इन आला की कॅमेरासुद्धा कोचचा चेहरा नाहीतर प्रेक्षकांतलं गोंडस बाळ दाखवायला निघून जातो. एका सामन्यात साधारण चाळीस-पन्नास वेळा घडणारी ही गोष्ट, आणि ती घडत असताना आपण पाणी प्यायला उठतो.

पण जरा थांबून बघा, किती विचित्र प्रकार आहे हा. खेळ पायाचा. गोलकीपर सोडून कुणी हात लावला तर शिट्टी वाजते. आणि बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला की त्याच खेळात म्हणतात, आता हातानंच टाक. एका नाही, दोन्ही हातांनी. डोक्यामागून आणून, डोक्यावरून. तोंड मैदानाकडे. दोन्ही पायांचा काही ना काही भाग जमिनीवर, रेषेवर किंवा रेषेबाहेर. जिथून बॉल गेला तिथूनच. थेट गोल मारता येणार नाही, पण थेट थ्रोवर ऑफसाइडही नाही. आणि फेकणाऱ्यानं दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत बॉलला परत हात-पाय लावायचा नाही.

एवढ्या अटी कुणी शांतपणे बसून सुचवल्या असतील असं मला वाटत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुन्या कोडमध्ये असली विचित्र अट दिसली की आम्हाला एक सोय असते: ती ओळ कुणी टाकली, कोणत्या तारखेला टाकली, सोबत काय शेरा लिहिला होता, हे बघता येतं. त्याला गिट ब्लेम म्हणतात. दहातल्या नऊ वेळा कळतं की कधीतरी कुणीतरी एक पळवाट शोधली होती आणि ही ओळ म्हणजे ती बुजवायला लावलेलं ठिगळ आहे. पंधराव्या नियमाचंही तसंच आहे. त्याची ठिगळं उसवत गेलं की आपण १८६३ पर्यंत पोहोचतो.

त्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांची माणसं सहा वेळा जमली. प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. कुठे बॉल हातात घेऊन पळता यायचं, कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हा खेळाचाच भाग होता. एकमेकांशी खेळायचं तर काहीतरी एक ठरवणं भाग होतं. एबेनेझर कॉब मॉर्ली नावाच्या वकिलानं मसुदा केला आणि डिसेंबरात फुटबॉल असोसिएशनचे पहिले नियम मंजूर झाले. नडगीवर लाथ मारायची बंद केली म्हणून ब्लॅकहीथ क्लब रागावून निघून गेला. पुढे रग्बीची संघटना झाली तिच्यात तो होता. असो.

त्या पहिल्या नियमांत थ्रो-इन आहे, पण तो आजच्यासारखा अजिबात नाही. बॉल बाहेर गेला की दोन्ही संघांचे लोक त्याच्यामागे धावायचे. ज्याचा हात आधी लागेल त्याचा थ्रो. बॉल कुणी बाहेर घालवला याचा काही संबंध नाही. इंग्रजीत बाजूच्या रेषेला ‘टचलाइन’ का म्हणतात याचं उत्तर इथे आहे. रेषेपलीकडची जागा म्हणजे ‘टच’, जिथे आधी स्पर्श करण्याची शर्यत लागायची. शर्यत कधीच संपली, पण नाव राहिलं. आजचे कॉमेंटेटर दिवसाला शंभरदा तो शब्द वापरतात.

जिंकणाऱ्यानं बॉल रेषेला काटकोनात टाकायचा. आणि जमिनीला लागेपर्यंत तो खेळात आला असं धरायचं नाही. रग्बीची लाइनआउट पाहिली असेल तर हे ओळखीचं वाटेल: दोन रांगा आणि मधोमध सरळ फेकलेला बॉल. थ्रो-इन आणि लाइनआउट ही सख्खी भावंडं आहेत, लहानपणीच ताटातूट झालेली.

बरं, मग हातच का? कारण १८६३ मध्ये हात परका नव्हता. त्या पहिल्या नियमांत हवेतला बॉल झेलायलाही परवानगी होती आणि नीट झेलला तर फ्री किक मिळायची. झेलण्याची मुभा १८६६ मध्ये गेली. १८७० मध्ये हात लावायलाच बंदी आली. लगेच १८७१ मध्ये गोलकीपर नावाचा एक अपवाद जन्माला आला. सगळीकडून हात हद्दपार झाला आणि रेषेबाहेरच्या त्या एका जागी तेवढा शिल्लक राहिला. म्हणजे आपण ज्याला आज अपवाद म्हणतो तो मुळात अवशेष आहे. माकडहाडासारखा. शेपूट गेली, हाड राहिलं.

आणखी एक गोष्ट मला त्या जुन्या नियमांत फार आवडते. मैदान जास्तीत जास्त दोनशे यार्ड लांब आणि शंभर यार्ड रुंद, आणि हद्द दाखवायला झेंडे. चुन्याच्या रेषेचा उल्लेख नाही. दोन झेंड्यांच्या मध्ये रेषा आहे असं सगळ्यांनी मनाशी धरायचं.

हे वाचताना मला आमच्या कॉलनीचं मैदान आठवलं. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलो. एका बाजूची हद्द म्हणजे नाली. दुसऱ्या बाजूला बाभळीच्या झाडांची ओळ. आमच्या संघात एक तेलुगू बोलणारा बॅक, एक बिहारचा गोलकीपर, दोन छत्तीसगढी, बाकी आम्ही मराठी पोट्टे. खाणीनं माणसं जिथून जिथून आणली, तिथून तिथून खेळाडूही आले. नियम मात्र कुठूनच आले नव्हते. नालीत बॉल गेला की ‘आपला! आपला!’ असं जो आधी ओरडेल त्याचा. म्हणजे १८६३ चाच नियम, फक्त हाताऐवजी गळ्यानं. आणि थ्रो आमच्याकडे नव्हताच. बॉल नालीच्या काठावर ठेवायचा आणि पायानं आत मारायचा.

हीसुद्धा आमची अक्कल आहे असं मी अनेक वर्षं समजत होतो. पण तीही शेफिल्डनं आधीच खर्च केली होती.

शेफिल्ड हे उत्तर इंग्लंडातलं पोलादाचं गाव, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. तिथला क्लब १८५७ चा, म्हणजे लंडनच्या बैठकींपेक्षा सहा वर्षांनी जुना, आणि त्यांचे नियम स्वतःचे. १८६० च्या दशकात त्यांनी थ्रो काढून टाकला आणि किक-इन आणली: बॉल बाहेर गेला की पायानं आत मारा, कोणत्याही दिशेला. लंडनवाल्यांना ते मान्य नव्हतं. पायानं मारलेला बॉल फार लांब जातो, मग बाजूची रेषा ही शिक्षा न राहता संधी होते. शेफिल्डवाल्यांचं म्हणणं, हा पायाचा खेळ आहे ना, मग पाय वापरा की. दोघांचंही म्हणणं मला पटतं. पण नियमपुस्तकाची पंचाईत अशी की त्यात दोन्ही ठेवता येत नाहीत.

१८६६ मध्ये दोन्ही गावं बॅटरसी पार्कात एकमेकांशी खेळली, तेव्हा लंडनच्या नियमांनी. पुढे दहा-अकरा वर्षं हा वाद चालला. कधी याच्या नियमानं सामना, कधी त्याच्या. याच दशकात इकडे वरोऱ्याला जमिनीतून कोळसा निघू लागला होता, आणि तो वाहून न्यायला वर्ध्याहून रेल्वेचा फाटा येत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला फक्त ते दोन नकाशे शेजारी ठेवून बघायला आवडतं.

१८७७ मध्ये समेट झाला. लंडननं काटकोनाची अट सोडली आणि थ्रो कोणत्याही दिशेला टाकायची मुभा दिली. त्या बदल्यात शेफिल्डनं किक-इन सोडली आणि स्वतःचं नियमपुस्तक मिटवलं. हात लंडनचा, दिशा शेफिल्डची. आज कुठल्याही मैदानावर फुलबॅक थ्रो घ्यायला उभा राहून पुढे टाकू की मागे असा विचार करतो, तो या तडजोडीमुळे. त्याआधी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच धावायची शर्यतही रद्द झाली होती. ज्यानं बाहेर घालवला त्याच्या विरुद्ध संघाचा थ्रो, हा साधा न्याय तेव्हा आला. ‘थ्रो कोणाचा?’ या प्रश्नाचं आजचं उत्तर दीडशे वर्षांचं आहे. त्याआधीचं उत्तर ‘जो पळेल त्याचा’ असं होतं.

आता दोन हात.

दिशा मोकळी झाली आणि नवीनच अडचण उभी राहिली. एका हातानं बॉल किती लांब जातो हे क्रिकेट खेळणाऱ्या कुणालाही विचारा. बाउंड्रीवरून थ्रो करावा तसा फुटबॉल फेकणारे लोक निघाले. त्यात सगळ्यात प्रसिद्ध नाव विल्यम गनचं. हा नॉटिंगहॅमचा उंचापुरा माणूस. क्रिकेटमध्ये इंग्लंडकडून अकरा कसोटी खेळला, फुटबॉलमध्ये नॉट्स काउंटीकडून आणि इंग्लंडकडूनही. त्याचा एका हाताचा थ्रो पार गोलच्या तोंडाशी जायचा आणि त्याच्यामुळेच दोन हातांचा नियम आला, असं सांगितलं जातं. तारखा जुळवल्या तर ही गोष्ट जरा लंगडते. नियम बदलला १८८२ मध्ये आणि गनचे इंग्लंडसाठीचे दोन्ही सामने १८८४ चे. क्लबच्या सामन्यांत त्यानं धुमाकूळ घातला असेलच. पण एका माणसामुळे नियम बदलला या गोष्टी सांगायला सोप्या असतात, म्हणून टिकतात.

कागदावरचं कारण जास्त कंटाळवाणं आणि जास्त खरं आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचे थ्रो वेगवेगळे होते. सामना ज्याच्या घरी त्याचा नियम. डिसेंबर १८८२ मध्ये चौघं मँचेस्टरला बसले आणि तोड निघाली: दिशा कोणतीही, पण हात दोन, आणि बॉल डोक्यावरून. म्हणजे आधी एक मोकळीक दिली होती, ती फार झाली म्हणून ताकदीला वेसण घातली. याच बैठकीतून पुढे १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ झालं. आयएफएबी. नियम बदलण्याचा अधिकार आजही त्यांच्याकडेच आहे.

विल्यम गनचं पुढे काय झालं? १८८५ मध्ये त्यानं थॉमस मूर नावाच्या भागीदाराबरोबर बॅटी बनवायचा धंदा काढला. गन अँड मूर. तुमच्या सोसायटीत एखाद्याकडे जीएम लिहिलेली बॅट असेल, तर ती याच गनची. फुटबॉलमधून ज्याचा हात कापला म्हणतात, त्याचं नाव आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये अजून फिरतंय.

हे नियम आपल्याकडे आले ते पुस्तक बनून नाही, तर पलटणींबरोबर आले. शिमल्याला ड्युरँड स्पर्धा १८८८ मध्ये सुरू झाली. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ मध्ये, आणि पहिला कप वूस्टर रेजिमेंटनं नेला. गोव्यात फुटबॉल त्याही आधी पोहोचला. १८८३ मध्ये विल्यम लायन्स नावाच्या पाद्र्यानं शिवोलीला मुलांना खेळ शिकवला असं मानलं जातं. मँचेस्टरची बैठक होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे शिवोलीच्या पोरांना थ्रो शिकवायचा तर दोन हात की एक, हा प्रश्न तेव्हा ताजा होता! कोल्हापुरात तर फुटबॉल तालमींच्या अंगणात गेला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. तालीम म्हटल्यावर लाल माती आणि जोर-बैठका डोळ्यांसमोर येतात, पण कोल्हापूरकराला आधी जर्सीचा रंग आठवतो. शाहू स्टेडियमवर थ्रो चुकला तर रेफरीआधी गॅलरी ओरडते.

प्रत्येक ठिकाणी नियम पाहून-ऐकून आला. मोठ्या पोरानं लहान पोराला सांगितला. सैनिकाला बघून कारकुनानं उचलला. यात एक गंमत होते. तोंडी प्रवासात नियमाचं कारण आधी गळून पडतं आणि मग नियमाला नवीन फांद्या फुटतात. ‘बॉल फिरला तर फाउल थ्रो.’ ‘टाच उचलली तर फाउल थ्रो.’ ‘बॉल जवळ पडला तर फाउल थ्रो.’ तुम्ही शाळेत फुटबॉल खेळला असाल तर यातलं किमान एक तरी पीटीच्या सरांकडून ऐकलं असेल. पंधराव्या नियमात यातलं एकही नाही.

बॉल फिरण्याबद्दल नियम एक अक्षर बोलत नाही. दोन्ही हातांनी टाकलेला बॉलही फिरू शकतो, कारण बहुतेकांचा एक हात जास्त ताकदीचा असतो. दोन्ही हातांनी टाकला की नाही एवढंच बघायचं असतं. टाच उचलली तरी चालते, चवडा जमिनीवर असला म्हणजे झालं. ‘प्रत्येक पायाचा काही भाग’ याचा अर्थ तोच. आणि बॉल मैदानात येण्याआधीच बाहेर जमिनीवर आपटला, तर त्याच संघानं त्याच जागेवरून परत टाकायचा. समोरच्याला द्यायचा नाही.

हे एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. कोविडनंतर माझं काम घरून चालू झालं आणि मी दोनेक वर्षं चंद्रपुरातच होतो. संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर मुलींचा एक संघ सराव करायचा. ‘झुंड’ नुकताच येऊन गेला होता. नागपूरच्या विजय बारसेंनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेल्या फुटबॉलवरचा तो सिनेमा. तो बघून चार मुली आल्या होत्या, मग चारच्या तेरा झाल्या. मी काही कोच नाही. बॉलमध्ये हवा भरायची, कोन मांडायचे, आणि अंधार पडला की प्रत्येकीला घरी पोहोचवायचं, ही माझी कामं.

या मुली अनवाणी खेळायच्या. चंद्रपूरचा एप्रिल तुम्ही बातम्यांत वाचला असेल. आम्ही तो पायाखाली ओळखतो. संध्याकाळी सहालाही मुरूम तापलेला असतो. थ्रो घ्यायला बाजूला उभं राहिलं की पावलं आपोआप चवड्यांवर येतात, कारण टाच टेकवून उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. त्यांना थ्रो तसाच शिकला गेला, चवड्यांवर. पुढे बूट मिळाले तरी सवय तीच राहिली. अंगात मुरलेली.

मग एका स्पर्धेत त्या खेळायला गेल्या. पहिल्या अर्ध्यात आमच्या लेफ्ट बॅकचे, ती नववीत होती, पाच थ्रो फाउल दिले गेले. दर वेळी रेफरी स्वतःच्या टाचेकडे बोट दाखवायचे. पाचव्या वेळी तिनं बॉल उचललाच नाही, दुसरीकडे ढकलला. तीही चवड्यांवरच टाकायची. दुसऱ्या अर्ध्यात बॉल आमच्या बाजूनं बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्याजणी मधोमध गर्दी करून खेळल्या आणि तीन गोलांनी हरल्या. त्या पाच थ्रोंमुळेच हरल्या असं मी म्हणणार नाही. समोरचा संघ चांगला होता. पण मुलींनी त्या दिवशी मैदानाच्या कडा सोडून दिल्या, हे मी पाहिलं.

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, “दादा, माहं चुकलं काय?” मी सांगितलं, नाही चुकलं. त्यावर ती जे म्हणाली ते जास्त महत्त्वाचं होतं. “मग हे लिहिलं कुठं आहे? दाखव.”

फोनवर पीडीएफ उघडून दाखवली. इंग्रजीत होती. तिनं ती वाचायचा प्रयत्न केला, एकेक शब्द लावत, वरोरा नाका येईपर्यंत. मग फोन परत दिला. त्या रात्री मी पंधरावा नियम मराठीत लिहून काढला आणि तेव्हापासून या सगळ्या इतिहासाच्या मागे लागलो. भाषांतर करताना सगळ्यात जास्त वेळ ‘काही भाग’ या दोन शब्दांवर गेला. मराठीत ‘पाय जमिनीवर’ म्हटलं की अख्खं पाऊल डोळ्यांसमोर येतं. शेवटी लिहिलं: ‘टाच उचलली तरी चालेल, पण दोन्ही पाय कुठेतरी जमिनीला चिकटलेले हवेत.’ कायद्याची भाषा नाही ही, पण तिला कळली.

पायांबद्दलच्या अटी थ्रोमध्ये उशिरा आल्या. १८६३ मध्ये कसं उभं राहायचं याबद्दल काहीच नव्हतं. १८९० च्या दशकात रेषेवर उभं राहा, तोंड मैदानाकडे करा, हे आलं आणि पुढे १९२५ मध्ये दोन्ही पाय रेषेवर हवेत असं ठरलं. मग रेषेबाहेर उभं राहणंही चालू लागलं. म्हणजे पावलाचा कुठला भाग कुठे, हे ठरवायला नियम करणाऱ्यांनाच अनेक वर्षं लागली आहेत. आणि त्या सगळ्या काळात त्यांच्या डोळ्यांसमोर बूट घातलेला पाय होता. अनवाणी पायाची कल्पना त्यांनी केली असेल का? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी किंवा पट्ट्या बांधून फ्रान्सविरुद्ध खेळले आणि १-२ असे हरले. तो सामना झाला त्याच देशात हे नियम लिहिले गेले होते.

एक तुलना डोक्यातून जात नाही. आपल्या खेळांत रेषा माणसासाठी असते. कबड्डीत पाय बाहेर पडला की तुम्ही बाद. आट्यापाट्यात तर पाटीवाल्याचं सगळं आयुष्यच रेषेवर जातं. फुटबॉलमध्ये माणूस कुठे आहे हे रेषेला विचारायचंच नाही. विंगर रेषेबाहेरून पळून परत आत येतो, चालतं. रेषा फक्त बॉलला ओळखते. त्यातही अख्खा बॉल अख्ख्या रेषेपलीकडे गेला तरच तो बाहेर. २०२२ च्या विश्वचषकात जपाननं स्पेनविरुद्ध केलेला गोल याच हिशेबावर टिकला. बॉलचा दोन मिलिमीटरहूनही कमी भाग रेषेवर लोंबकळत होता आणि त्या जिवावर जर्मनी घरी गेली.

आणि नियम जुळवायची भांडणंही आपल्याला नवीन नाहीत. हुतूतूचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार महाराष्ट्रात खेळले जायचे. मेलेला गडी परत जिवंत होतो की नाही, यावर मतभेद. शेवटी संजीवनी जिंकली. आमच्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. जगापुढे खेळ मांडायचा तर आधी एक नियम हवा. शेफिल्ड आणि लंडनला जे कळलं होतं, ते इथल्या मंडळींनाही कळलं होतं.

थ्रोकडे परत येऊ. विसाव्या शतकातली ठिगळं भराभर सांगतो. १९२० मध्ये थ्रोवर ऑफसाइड रद्द झाला. त्याआधी बचाव करणारे सगळे पुढे सरकायचे आणि थ्रो घेणाऱ्याला बॉल द्यायलाच जागा राहायची नाही. १९३१ पर्यंत चुकीच्या थ्रोला फ्री किकची शिक्षा होती. ती सौम्य करून थ्रो फक्त समोरच्याला द्यायचा असं ठरलं. २००५ पासून समोरच्या खेळाडूंनी दोन मीटर लांब राहायचं, कारण लोक थ्रो घेणाऱ्याच्या नाकासमोर उड्या मारत होते.

थेट गोल नाही, या अटीचा कस लागला तो २००२ मध्ये. बर्मिंगहॅम सिटी विरुद्ध ॲस्टन व्हिला. व्हिलाच्या ओलोफ मेलबर्गनं आपल्याच गोलकीपरकडे, पीटर एन्केलमनकडे, थ्रो टाकला. एन्केलमननं पाय पुढे केला, बॉल पायाखालून गेला आणि गोलमध्ये. त्याचा पाय बॉलला लागला असेल तर गोल. लागला नसेल तर नियमानं कॉर्नर. रेफरीनं गोल दिला. व्हिला ०-३ हरली. आधी बॉल रेषेबाहेर गेल्यावर स्पर्श महत्त्वाचा होता, आता आत आल्यावर.

आणि आपल्याकडचा किस्सा तर ताजा आहे. २१ जून २०२३, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, सॅफ स्पर्धा, भारत विरुद्ध पाकिस्तान. भारत पुढे होता. पहिला अर्धा संपत आला असताना पाकिस्तानचा खेळाडू थ्रो घ्यायला उभा राहिला. भारताचे कोच इगोर स्टिमॅच यांना वाटलं की आधी आपल्या खेळाडूवर फाउल झालाय. त्यांनी मागून येऊन त्याच्या हातातला बॉलच उडवला. धक्काबुक्की झाली, स्टिमॅचना लाल कार्ड मिळालं. सामना आपण ४-० जिंकलो, छेत्रीची हॅटट्रिक झाली, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या फोनवर फिरत होता तो थ्रो. ज्या नियमाकडे कुणी बघत नाही, त्याच्याकडे देशभर बघितलं गेलं ते एका कोचनं हात घातल्यावर.

थ्रोला गंभीरपणे घेणारेही काही आहेत. स्टोक सिटीचा रॉरी डेलॅप २००८ च्या सुमाराला टॉवेलनं बॉल पुसून असा फेकायचा की समोरच्या बचावाला कॉर्नर परवडला असता. डेन्मार्कच्या थॉमस ग्रोनेमार्कनं तर थ्रो शिकवणं हाच धंदा केला. २०१० मध्ये कोलांटी मारून त्यानं ५१.३३ मीटर थ्रो टाकला आणि विक्रम केला, आणि २०१८ मध्ये लिव्हरपूलनं त्याला थ्रोचा कोच म्हणून घेतलं. लोक हसले. पुढच्या वर्षी लिव्हरपूल युरोपचे विजेते झाले. फक्त त्याच्यामुळे झाले नाहीत हे उघड आहे, पण हसणं तरी थांबलं. इंजिनिअर लोकांसाठी एक जादा माहिती: थ्रो सगळ्यात लांब जायला ४५ अंशाचा कोन लागेल असं आपल्याला बारावीच्या फिजिक्सवरून वाटतं. ब्रुनेल विद्यापीठातल्या निक लिन्थोर्न यांनी २००६ मध्ये मोजून दाखवलं की तो ३० अंशांच्या आसपास असतो, कारण वर फेकायला गेलं की हाताला वेग कमी मिळतो. आमच्या मुलींवर मी हे वापरून पाहिलं. चालतं.

शेफिल्ड मात्र पुरतं मेलेलं नाही. १९९३ मध्ये जपानमध्ये झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात फिफानं प्रयोग म्हणून थ्रो काढून किक-इन आणली. पुढच्या हंगामात इंग्लंडमधल्या एका खालच्या लीगमध्येही तेच केलं. झालं असं की प्रत्येक किक-इनवर उंच माणसं गोलसमोर जमायची, बॉल हवेतून त्यांच्या डोक्यावर टाकला जायचा आणि खेळ थांबून थांबून चालायचा. लंडनवाले सव्वाशे वर्षांपूर्वी जे म्हणत होते तेच सिद्ध झालं आणि प्रयोग गुंडाळला. तरी आर्सेन वेंगर अधूनमधून किक-इनचा विषय काढतच असतात. माझं मत विचाराल तर मोठ्या मैदानावर हातच बरा. त्या एका क्षणी फेकणारा थोडा दुबळा असतो, मैदानाबाहेर असतो, त्याच्या संघात आत एक माणूस कमी असतो. रेषेबाहेर बॉल घालवण्याची काहीतरी किंमत दोघांनाही पडायला हवी.

छोट्या मैदानाची गोष्ट वेगळी. फुटसालमध्ये फिफाच्या नियमांनी किक-इनच आहे: बॉल रेषेवर ठेवा, चार सेकंदांत पायानं मारा, समोरचा पाच मीटर लांब. आमच्या कॉलनीत आता नालीवर सिमेंटचं झाकण आलंय आणि जुन्या मैदानाच्या एका कोपऱ्यात जाळी लावलेलं छोटं कोर्ट आहे. तिथे लहान पोट्टे खेळतात. बॉल जाळीला लागला तर आत, जाळीवरून गेला तर जो आणेल त्याचा.